कोलिनएस्टरेज रोध

कोलिनएस्टरेज रोध म्हणजे प्राण्यांच्या शरीरातील कोलिनएस्टरेज गटातील विकरांचे कार्य एखाद्या रसायनामुळे मंदावणे किंवा पूर्णपणे थांबणे होय. विषाचा विकरावर होणारा परिणाम ज्या थोड्या उदाहरणांत रेणूच्या पातळीपासून रुग्णाच्या खाटेपर्यंत सलग उलगडता येतो, त्यांपैकी हे एक आहे. शेतीतील अनेक कीटकनाशके, युद्धात वापरले गेलेले चेतावायू, काही वनस्पती, सर्प व सूक्ष्मजीव यांची विषे आणि विस्मृतीच्या रोगावरील काही औषधे ही सर्व एकाच विकरावर कार्य करतात. आतड्यातील काही परजीवी कृमी याच्या उलट मार्गाने जातात. ते हे विकर रोधत नाहीत, तर स्वतः तयार करून यजमानाच्या शरीरात सोडतात.

विकर आणि त्याचे कार्य

चेतापेशीकडून स्नायूकडे किंवा ग्रंथीकडे संदेश पोहोचविणाऱ्या रसायनांपैकी ॲसिटिलकोलिन हे प्रमुख होय. चेतातंतूच्या टोकाशी ते सोडले जाते, समोरच्या पेशीवरील ग्राहींना चिकटते आणि स्नायू आकुंचन पावतो किंवा ग्रंथी स्रवते. संदेश पोहोचल्यावर हे रसायन तत्काळ नाहीसे झाले नाही, तर तोच संदेश पुन्हा पुन्हा दिला जातो. हे काम ॲसिटिलकोलिनएस्टरेज करते. ते ॲसिटिलकोलिनचे कोलिन आणि ॲसिटिक आम्ल असे दोन तुकडे करते. या विकराचा एक रेणू एका सेकंदात ॲसिटिलकोलिनचे हजारो रेणू तोडतो. ज्ञात विकरांतील अतिशय वेगवान विकरांत त्याची गणना होते.

इझ्रायलमधील वाइझमान संस्थेतील संशोधकांनी १९९१ मध्ये टॉर्पेडो या विद्युत्‌माशापासून मिळविलेल्या विकराची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली. तीत एक अनपेक्षित गोष्ट आढळली. विकराचे क्रियास्थान पृष्ठभागावर नसून सुमारे २ नॅनोमीटर खोल व अरुंद अशा घळीच्या तळाशी होते. मानवी विकरात या तळाशी २०३ क्रमांकाचे सेरीन हे ॲमिनो आम्ल असते. ॲसिटिलकोलिन तोडण्याचे काम प्रत्यक्षात तेच करते आणि बहुतेक विषांचा घावही त्याच्यावरच पडतो.

या विकराचे एक भावंड म्हणजे ब्युटिरिलकोलिनएस्टरेज. ते यकृतात तयार होते व रक्तद्रवात आढळते. शरीरात त्याचे नेमके काम काय, याबाबत एकमत नाही. त्याच्या अभावी माणूस निरोगी जगू शकतो. मात्र भूल देताना वापरले जाणारे सक्सिनिलकोलिन हे स्नायू शिथिल करणारे औषध याच विकरामुळे काही मिनिटांत नष्ट होते. विकर नसल्यास ती शिथिलता काही तास टिकते व तोवर रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. दक्षिण भारतातील आर्य वैश्य समाजात या विकराची आनुवंशिक कमतरता इतर समाजांच्या तुलनेत बरीच अधिक आढळते. त्यामुळे या समाजातील रुग्णाला भूल देण्यापूर्वी त्याविषयी विचारणा करणे महत्त्वाचे मानले जाते.

इतिहास

आजच्या नायजेरियातील कॅलाबार भागात एफिक लोक संशयित गुन्हेगाराला एका विशिष्ट वेलीच्या बिया खाऊ घालून दिव्य करवीत. आरोपी वाचला तर निर्दोष, मेला तर दोषी. एडिनबरा येथील विषतज्ज्ञ रॉबर्ट क्रिस्टिसन यांनी १८५५ मध्ये या बीचा काही भाग स्वतः खाऊन परिणाम नोंदविले होते. त्या बियांतील फायसोस्टिग्मिन हे द्रव्य डोळ्याची बाहुली बारीक करते हे पुढे लक्षात आले आणि १८६३ पासून ते नेत्रचिकित्सेत आले. एका न्यायदानाच्या विषाने काही वर्षांत औषधाच्या पेटीत स्थान मिळविले.

ते विष कसे काम करते, याचे उत्तर विसाव्या शतकात मिळाले. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगाने चेतांचा संदेश रासायनिक असतो हे दाखविले. १९२६ मध्ये लोवी व नाव्राटिल यांनी फायसोस्टिग्मिन हे त्या रसायनाचा नाश रोखते असे सिद्ध केले. लोवी व हेन्री डेल यांना १९३६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९३४ मध्ये मेरी वॉकर यांनी स्नायूंच्या दुर्बलतेचा मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा रोग फायसोस्टिग्मिनने तात्पुरता सुधारतो असे दाखविले. त्या उपचाराचे सुधारित रूप आजही वापरात आहे.

१९३६ च्या अखेरीस जर्मनीत गेरहार्ड श्राडर हे पिकांवरील किडींसाठी नवी फॉस्फरस संयुगे शोधत होते. त्यांच्या हाती टाबुन लागले आणि १९३८ मध्ये सारिन. कीटकनाशकाच्या शोधातून चेतावायू निघाले, आणि त्याच रसायनकुळातून युद्धानंतर पॅराथिऑन व पुढील कीटकनाशके बाजारात आली. शेतातील औषध आणि रणांगणातील वायू यांत प्रमाणाचा फरक मोठा असला, तरी विकराशी होणारी क्रिया एकच आहे. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन सोडले गेले, तेव्हा तेथील रुग्णालयांत कीटकनाशक विषबाधेवरील ॲट्रोपिन व प्रालिडॉक्सिम हीच औषधे उपयोगी पडली.

रोधाची प्रक्रिया

सेंद्रिय फॉस्फरस संयुगे क्रियास्थानातील सेरीनला फॉस्फरसचा गट घट्ट जोडतात. नेहमीच्या क्रियेत सेरीनला जोडलेला ॲसिटिल गट मिलिसेकंदाच्या आत सुटतो, पण फॉस्फरसचा गट सुटण्यास तास, दिवस किंवा आठवडे लागू शकतात. कार्बामेट वर्गातील कीटकनाशकांचा गट मात्र बहुधा काही तासांत आपोआप सुटतो. म्हणून त्यांची विषबाधा तीव्र असली तरी तुलनेने लवकर ओसरते.

फॉस्फरसचा गट जोडलेल्या विकरात कालांतराने आणखी एक बदल होतो. त्या गटातील एक अल्किल शाखा गळून पडते व उरलेला भाग सेरीनला कायमचा चिकटतो. याला विकराचे जरण म्हणतात. जरण झालेले विकर कोणत्याही औषधाने पुन्हा जागे होत नाही, शरीराला नवे विकर तयार करावे लागते. सोमन या चेतावायूत जरण काही मिनिटांतच होते. डायमिथिल प्रकारच्या कीटकनाशकांत, म्हणजे मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएट, मॅलाथिऑन यांत, निम्मे विकर सुमारे पावणेचार तासांत जरते. क्लोरपायरिफॉस, डायझिनॉन, पॅराथिऑन या डायएथिल प्रकारात त्याला सुमारे ३३ तास लागतात. ग्रामीण भागात रुग्ण तालुक्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत चार-सहा तास सहज जातात. त्यामुळे डबीवरील नाव कळणे ही केवळ नोंदीची बाब नसून उपचाराची दिशा ठरविणारी माहिती आहे. रिकामी डबी किंवा बाटली रुग्णासोबत आणावी असे डॉक्टर सांगतात, ते यासाठीच.

अनेक कीटकनाशके मूळ स्वरूपात फारशी विषारी नसतात. यकृतातील विकरे त्यांच्यातील गंधकाच्या जागी ऑक्सिजन बसवितात आणि मगच पॅराथिऑनचे पॅराऑक्सॉन किंवा मॅलाथिऑनचे मॅलाऑक्सॉन हे खरे विष तयार होते. म्हणून काही रुग्णांत लक्षणे उशिरा दिसतात. सुरुवातीला बरा वाटणारा रुग्ण घरी पाठविणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

पाकिस्तानातील १९७६ ची घटना

एका विकराच्या रोधामुळे दुसऱ्या विषाची धार कशी वाढते, याचे ठळक उदाहरण हिवतापाशी लढताना घडले. सस्तन प्राण्यांच्या शरीरात कार्बॉक्सिलएस्टरेज नावाची विकरे मॅलाथिऑन झपाट्याने निष्प्रभ करतात. कीटकांत ही क्षमता कमी असते. डासाला मारणारे मॅलाथिऑन माणसाला तुलनेने सुरक्षित ठरते, ते या फरकावर.

१९७६ मध्ये पाकिस्तानातील हिवताप नियंत्रण कार्यक्रमात सुमारे ७,५०० फवारणी कामगार घरोघरी मॅलाथिऑन फवारत होते. जुलै महिन्यात त्यांपैकी अंदाजे २,८०० जणांना विषबाधा झाली व पाच जण दगावले. तपासात आढळले की पुरविलेल्या काही भुकटीत आयसोमॅलाथिऑन हे अशुद्ध द्रव्य मोठ्या प्रमाणात होते. ही भुकटी उष्ण जागी साठविली गेल्यास त्याचे प्रमाण वाढते. आयसोमॅलाथिऑन कार्बॉक्सिलएस्टरेजांना रोधते. ढाल अशी काढून घेतल्यावर एरवी सौम्य मानले जाणारे मॅलाथिऑन शरीरात साचले व मॅलाऑक्सॉनने चेतासंधींवरील विकर बंद पाडले. त्यातच कामगारांच्या अंगावर व कपड्यांवर औषध सांडत होते आणि ते धुण्याची सोय अपुरी होती. या घटनेनंतर मॅलाथिऑनमधील या अशुद्धीवर मर्यादा घालण्याकडे लक्ष दिले गेले. एखादे रसायन सुरक्षित आहे की नाही हे केवळ त्याच्या रेणूवर ठरत नाही, गोदामातील तापमानावरही ठरते, असे या घटनेतून दिसले.

नैसर्गिक विषे

आफ्रिकेतील हिरव्या मांबा सापाच्या विषातील फॅसिक्युलिन हे प्रथिन विकराच्या घळीच्या तोंडावर बुचासारखे बसते व ॲसिटिलकोलिनला आत जाऊ देत नाही. गोड्या पाण्यातील काही नीलहरित सूक्ष्मजीव ग्वानिटॉक्सिन हे नैसर्गिक फॉस्फरस विष तयार करतात. असे शेवाळी पाणी प्यायलेली जनावरे दगावल्याच्या नोंदी आहेत.

भारतात आढळणाऱ्या मण्यार सापाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या विषात ॲसिटिलकोलिनएस्टरेज विपुल असते, पण दंशानंतरचा पक्षाघात त्याच्यामुळे होत नाही. तो चेतातंतूची टोकेच नष्ट करणाऱ्या इतर विषांमुळे होतो. नागाचे विष स्नायूवरील ग्राही अडविते. या भेदाला व्यवहारात महत्त्व आहे. नागदंशाच्या पक्षाघातात कोलिनएस्टरेज रोधणारे निओस्टिग्मिन ॲट्रोपिनसोबत दिल्यास ॲसिटिलकोलिनचे प्रमाण वाढून सुधारणा दिसू शकते. मण्यारीच्या दंशात मुळात ॲसिटिलकोलिन सोडलेच जात नसल्याने त्याचा विशेष उपयोग होत नाही. प्रतिसर्पविष मात्र दोन्हींत आवश्यकच असते.

परजीवी कृमी आणि हे विकर

आतड्यात राहणारे अनेक गोलकृमी ॲसिटिलकोलिनएस्टरेज बाहेर स्रवतात. माणसातील नेकेटर अमेरिकेनस हा अंकुशकृमी, उंदरातील निप्पोस्ट्राँगायलस ब्राझिलिएन्सिस आणि गुरांच्या फुप्फुसातील डिक्टिओकॉलस व्हिव्हिपॅरस ही परिचित उदाहरणे होत. कृमीच्या स्वतःच्या स्नायूंना लागणारे विकर त्याच्या शरीरात वेगळे असतेच. मग इतके विकर यजमानाच्या आतड्यात सोडण्याचे प्रयोजन काय?

आरंभी मांडलेली कल्पना ‘जैवरासायनिक पकड’ या नावाने ओळखली जाते. यजमानाच्या आतड्याची हालचाल ॲसिटिलकोलिनवर चालते. कृमीने आपल्या आजूबाजूचे ॲसिटिलकोलिन तोडले, तर तेथील आतडे सैलावेल व कृमी बाहेर ढकलला जाणार नाही. नंतरच्या अभ्यासकांनी भर वेगळ्या ठिकाणी दिला. ॲसिटिलकोलिन आतड्यातील श्लेष्मा व पाण्याचा स्राव वाढविते आणि रोगप्रतिकारक पेशींनाही ते संदेश देते. त्यामुळे कृमीचे विकर हे यजमानाचा प्रतिसाद मंद करण्याचे साधन असावे, असे मानले जाते. उंदरांत प्रतिकारशक्ती विकसित होऊ लागल्यावर कृमी स्रवत असलेल्या विकराचे प्रकार बदलतात, हे निरीक्षण या मताला पूरक आहे. पकडीची कल्पना आकर्षक असली, तरी दुसरे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे.

याच विकरावर घाव घालून परजीवी मारण्याचा प्रयत्नही झाला. मूत्राशयातील शिस्टोसोमा हिमॅटोबियम या रक्तपर्णकृमीवर मेट्रिफोनेट हे सेंद्रिय फॉस्फरस संयुग आफ्रिकेत वर्षानुवर्षे तोंडाने दिले जात असे. शरीरात त्याचे आपोआप डायक्लोरव्हॉसमध्ये रूपांतर होते व कृमीचे विकर बंद पडते. रुग्णाचे रक्तातील विकरही त्या काळात कमी होई. पुढे प्राझिक्वांटेल हे अधिक सोयीचे औषध आल्यावर मेट्रिफोनेट मागे पडले. डासांनी तर स्वतःचे विकरच बदलले. क्युलेक्स व ॲनोफिलिस डासांच्या काही वाणांत क्रियास्थानाजवळील एका ॲमिनो आम्लाच्या बदलाने विकर कीटकनाशकाला दाद देईनासे झाले आहे.

विषबाधेची लक्षणे

ॲसिटिलकोलिन साचल्याने डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला फेस येतो, घाम व अश्रू वाहतात, उलट्या-जुलाब होतात, छातीत स्राव साचून घरघर ऐकू येते व नाडी मंदावते. स्नायू प्रथम फडफडतात व मग लुळे पडतात. मेंदूवरील परिणामामुळे गोंधळ, झटके व बेशुद्धी येते. मृत्यू बहुधा श्वास थांबल्याने होतो.

पुण्यातील आर. एस. वाडिया व सहकाऱ्यांनी २०० रुग्णांच्या निरीक्षणांवर आधारलेला लेख १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात लगेच दिसणारी व ॲट्रोपिनला प्रतिसाद देणारी लक्षणे आणि उशिरा येणारा, ॲट्रोपिनला न जुमानणारा पक्षाघात असे दोन प्रकार वेगळे केले होते. १९८७ मध्ये श्रीलंकेतील डॉक्टरांनी या दुसऱ्या अवस्थेचे ‘मध्यावस्था लक्षणसमूह’ असे नामकरण केले व तेच नाव रूढ झाले. विषबाधेनंतर एक ते चार दिवसांत, रुग्ण सुधारत आहे असे वाटत असताना, ही अवस्था येते. उशीवरून मान उचलता न येणे ही तिची आरंभीची खूण होय. त्यानंतर श्वासाचे स्नायू थकतात.

आठवड्यांनंतर पायांत येणारी विलंबित दुर्बलता ही वेगळ्याच विकराच्या रोधामुळे येते. १९३० मध्ये अमेरिकेत आल्याच्या अर्कात मिसळलेल्या ट्राय-ऑर्थो-क्रेसिल फॉस्फेटमुळे हजारो लोकांचे पाय लुळे पडले. तशाच भेसळीने १९६० मध्ये मुंबईत व १९८८ मध्ये कोलकात्यात रुग्ण आढळले. या पदार्थाचा चेतासंधीवरील विकरावर फारसा परिणाम होत नाही.

निदान

रक्तातील विकराचे मापन बहुधा एलमन यांच्या १९६१ च्या पद्धतीने करतात. तीत विकराच्या क्रियेतून पिवळा रंग तयार होतो व त्याची गडदता मोजली जाते. लाल रक्तपेशींतील ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे चेतासंधींवरील स्थितीचे अधिक विश्वासार्ह दर्शक असते. पण अनेक ठिकाणी सोपी व स्वस्त असल्याने रक्तद्रवातील ब्युटिरिलकोलिनएस्टरेजची चाचणीच केली जाते. हे विकर यकृतविकार, कुपोषण व गर्भारपण यांतही घटते. म्हणून कमी आकडा म्हणजे विषबाधाच, असे म्हणता येत नाही.

उलट चूकही घडते. निरोगी व्यक्तींतील प्रमाणाची कक्षा रुंद आहे. ज्याचे विकर मुळात वरच्या टोकाला आहे, त्याचे निम्मे नष्ट झाले तरी अहवालात ते सामान्य दिसू शकते. यावर उपाय म्हणजे फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक कामगाराचे मापन करून ठेवणे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अशी व्यवस्था १९७४ पासून आहे. विकर मूळ पातळीच्या ८० टक्क्यांच्या खाली गेल्यास कामाच्या पद्धती तपासतात. लाल पेशींतील विकर ७० टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातील ६० टक्क्यांवर आल्यास कामगाराला कामावरून दूर ठेवतात. लाल पेशींतील विकर नव्या पेशींबरोबरच परत येते, दिवसाला सुमारे एक टक्का.

रक्ताचा नमुना तत्काळ थंड करणेही आवश्यक असते. अन्यथा नळीतच विष, विकर व औषध यांची क्रिया चालू राहते व आकडा फसवा येतो.

उपचार

दूषित कपडे काढणे व अंग साबणाने धुणे ही पहिली पायरी होय. हे करणाऱ्याने हातमोजे घालावेत. मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याची प्रथा धोकादायक आहे, कारण बेशुद्ध होऊ लागलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात उलटी जाऊ शकते.

ॲट्रोपिन विकराला स्पर्श करीत नाही. ते ग्राही अडवून ॲसिटिलकोलिनचा प्रभाव रोखते. मात्रा दर पाच मिनिटांनी दुप्पट करीत छाती स्वच्छ होईपर्यंत व नाडी आणि रक्तदाब सुधारेपर्यंत देण्याची पद्धत प्रचलित आहे. स्नायूंच्या लुळेपणावर ॲट्रोपिन निरुपयोगी असते.

विकर पुन्हा कार्यक्षम करणारे प्रालिडॉक्सिम १९५५ मध्ये विल्सन व नाखमनसोन यांच्या संशोधनातून पुढे आले. सेरीनला चिकटलेला फॉस्फरसचा गट ते स्वतःकडे ओढून घेते, अर्थात जरण होण्यापूर्वीच. प्रयोगशाळेत निर्विवाद असलेला हा परिणाम रुग्णांत मात्र वादाचा ठरला. महाराष्ट्रातील बारामती येथे झालेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २०० रुग्णांना प्रथम २ ग्रॅम प्रालिडॉक्सिम देण्यात आले. नंतर अर्ध्यांना ४८ तास सतत ताशी १ ग्रॅम व उरलेल्यांना दर चार तासांनी १ ग्रॅम मिळाले. मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे १ टक्का व ८ टक्के होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्रीलंकेतील चाचणीत मात्र २३५ रुग्णांपैकी प्रालिडॉक्सिम मिळालेल्या गटातच मृत्यू अधिक दिसले. बारामतीतील रुग्ण लवकर दाखल झालेले व मध्यम तीव्रतेचे होते. विषाचा प्रकार, मात्रा व गेलेला वेळ यांतील फरकाने दोन्ही निष्कर्षांचा काही अंशी मेळ बसतो. वाद मात्र मिटलेला नाही.

भारतातील घटना

जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका शाळेत मोनोक्रोटोफॉसमिश्रित माध्यान्ह भोजनाने २३ मुले दगावली. २०१७ च्या पावसाळ्यात विदर्भात, विशेषतः यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक जण मृत्यू पावले. पीक डोक्यापर्यंत वाढलेले असल्याने फवारा चेहऱ्यावर येत होता व पंपात एकाहून अधिक कीटकनाशके मिसळली जात होती. वापरातील औषधांत प्रोफेनोफॉस व मोनोक्रोटोफॉस ही फॉस्फरस संयुगे होती, तसेच कोलिनएस्टरेजशी संबंध नसलेले डायफेंथियुरॉनही होते. प्रोफेनोफॉसबाधित विकर प्रालिडॉक्सिमला फारशी दाद देत नाही आणि डायफेंथियुरॉनवर प्रतिविषच नाही. त्यामुळे एका साच्याचे उपचार अपुरे पडले. नोव्हेंबर २०१७ मध्ये राज्य शासनाने विदर्भातील पाच जिल्ह्यांत काही कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरील वापर भारतात २००५ पासून निषिद्ध होता. २०२३ च्या केंद्रीय आदेशाने त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदी आली.

मराठी ग्रामीण बोलीत कीटकनाशकाला ‘औषध’ व फवारणीला ‘औषध मारणे’ म्हणतात. ‘औषध घेतले’ हा शब्दप्रयोग आत्महत्येच्या प्रयत्नासाठी वापरला जातो. रुग्णाचा पूर्वइतिहास घेताना या शब्दाचा अर्थ स्पष्ट करून घ्यावा लागतो.

वैद्यकीय उपयोग

निओस्टिग्मिन व पायरिडोस्टिग्मिन ही मायस्थेनिया ग्रॅव्हिसमध्ये, तर डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन व गॅलांटामिन ही अल्झायमर रोगात वापरली जातात. १९९१ च्या आखाती युद्धात सैनिकांना पायरिडोस्टिग्मिनच्या ३० मिलिग्रॅमच्या गोळ्या दर आठ तासांनी देण्यात आल्या होत्या. काही विकर तात्पुरते अडवून ठेवले, तर सोमनला ते कायमचे बंद पाडता येणार नाही आणि नंतर ते आपोआप मोकळे होईल, हा त्यामागचा विचार होता.